तळघरातला लॉट

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात 'माझा छंद' या सत्रात केलेलं भाषण. वेळ संपल्याची चिठ्ठी आल्यामुळे बोलताना गाळलेला काही भाग इथे घातला आहे.)



माझ्या आधी टेरेसवरच्या भाजीपाल्यावर सुंदर बोलणं झालं, त्याआधी सायकलवरून केलेल्या कन्याकुमारीच्या प्रवासाबद्दल झालं. आता माझा छंद ऐकून तुम्ही मला पुढच्या मेळाव्याला बोलवाल की नाही, शंका आहे. ग्रुपवर मी विषय टाकला तेव्हा पहिला प्रश्न आला, "टायपिंगची चूक आहे का?" चूक नव्हती. मी पेनसिल्व्हेनियात राहते, दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी घराच्या तळघरात बसून बंदुकीची काडतुसं भरते. तिथे याला रीलोडिंग म्हणतात. वापरलेली रिकामी पुंगळी घ्यायची आणि ती पुन्हा भरायची.

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागच्या रांगेतल्या पोलिसातल्या मित्राची काळजी मिटेल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे. तुमच्याकडे बंदुकीचा परवाना असला तरी त्यात हे येत नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची म्हटली की लागतो. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे. तेव्हा इथून घरी जाऊन कुणी काही करायचं नाही. किती दारू भरायची याचे आकडेही मी सांगणार नाही, कारण ते आकडे कुणाच्या भाषणावरून घ्यायचेच नसतात. ते छापील पुस्तकातून घ्यायचे, आणि तेही प्रत्येक वेळी पुस्तक उघडून.

आता तुम्ही म्हणाल, खडकीच्या मुलीला हे कुठून सुचलं? मला वाटतं, खडकीच्या मुलीला सुचलं यात नवल नाही. आपल्यातले निम्मे रेंजहिल्सच्या क्वार्टर्समधून चालत शाळेत यायचे. त्या भागाचं नावच गोळीबाराच्या रेंजवरून पडलंय. १८६९ पासून तिथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. कारखान्याचा भोंगा वाजला की आपल्या बाई फळ्यावरचं वाक्य अर्धं सोडून घड्याळाकडे बघायच्या. तुमच्यातल्या किती जणांचे वडील तिथे होते, हात वर करा... बघा. आणि त्यातल्या किती जणांना लहानपणी माहीत होतं की वडील तिथे नक्की काय करतात? हं. मलाही नव्हतं. बाबा तपासणी विभागात होते, एवढंच. घरी त्यांनी कारखान्याबद्दल एक शब्द काढला नाही. सही करून दिलेली गोपनीयता ते देवाच्या शपथेसारखी पाळायचे. आई विचारायची, "आज काय झालं?" ते म्हणायचे, "काही नाही. भाजी कसली आहे?"

मी २००४ मध्ये अमेरिकेला गेले. पहिली नऊ वर्षं मी एच-वन व्हिसावर होते, आणि त्या व्हिसावरच्या माणसाला तिथे बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण साधारण नियम हा. आपले कितीतरी इंजिनिअर हौसेने मित्राबरोबर रेंजवर जातात आणि हा नियम त्यांच्या गावीही नसतो. इथे ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांनी एकदा जरूर सांगा.

२०१३ मध्ये ग्रीन कार्ड आलं आणि आम्ही घर घेतलं. शेजारी एक म्हातारं जोडपं राहायचं. आजोबा स्टील मिलमधून निवृत्त झालेले, हाताची बोटं जाडजूड, बोलणं मोजकं. आमच्या भागात हरणाची शिकार म्हणजे सणच. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम सुरू व्हायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून सुरुवात शनिवारवर नेली, तरी पुष्कळ शाळा सोमवारची सुट्टी सोडायला तयार नाहीत. मला शिकारीत रस नाही, मटण मी दुकानातलंच खाते. पण एकदा आजोबांनी मला त्यांच्या क्लबात कागदाच्या चकतीवर नेम धरायला नेलं. पंचवीस यार्डांवर काळा गोल. श्वास अर्धा सोडायचा आणि चाप इतका हळू दाबायचा की बार कधी झाला हे आपल्यालाच कळू नये. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोकं भणभणलेल्या बाईला ते किती आवडलं असेल, तुम्ही कल्पना करा. मी रीतसर प्रशिक्षण घेतलं, रीतसर रिव्हॉल्व्हर घेतलं. मग कळलं की खर्च रिव्हॉल्व्हरचा नसतो, काडतुसांचा असतो.

इथे थोडं तांत्रिक सांगते. आपण मराठीत सगळ्याला 'गोळी' म्हणतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. काडतुसाचे चार भाग. एक पुंगळी, पितळेची, साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. दुसरा भाग प्रायमर, पुंगळीच्या बुडाशी बसवलेली छोटी वाटी. बाबा त्याला 'कॅप' म्हणतात. त्यावर घोड्याचा आघात झाला की ठिणगी पडते. तिसरी दारू. चौथी खरी गोळी, शिशाची किंवा तांब्याचं आवरण असलेली, जी नळीतून बाहेर जाते. बार झाल्यावर गोळी गेली, दारू जळाली, प्रायमर संपला. पितळ मात्र तुमच्या हातात उरतं, आणि चौघांत तेच महाग. ते फेकून देणं म्हणजे चहा पिऊन कप टाकून देण्यासारखं. (कागदी कप नव्हेत, आपल्या आयांचे स्टीलचे कप.)

पुंगळीची रचना पण बघण्यासारखी आहे. काही पुंगळ्यांच्या बुडाला आतून मध्यावर एकच भोक असतं, त्याला बॉक्सर पद्धत म्हणतात. काहींना दोन लहान भोकं, ती बर्डन. एक भोक असलं की सुईने जुना प्रायमर सरळ ढकलून काढता येतो, दोन असली की फार खटपट. गंमत अशी की बॉक्सर हे इंग्रज आणि बर्डन हे अमेरिकन, पण अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली आणि युरोपच्या सैन्यांनी बर्डनची. अमेरिकेत घरोघरी रीलोडिंग रुजलं, त्यामागे त्या एका भोकाचाही हात आहे. आणि ज्यावर आपली नेमबाज मुलं सराव करतात ती पॉइंट टू-टू ची काडतुसं घरी भरताच येत नाहीत, कारण त्यात प्रायमर वेगळा नसतो, त्याचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते ह्याच काडतुसावर.

आजोबांनी २०१६ च्या हिवाळ्यात मला शिकवायला घेतलं. त्यांच्याकडे एक जुनं हिरवं प्रेस होतं, आरसीबीएस कंपनीचं रॉक चकर. एकावेळी एकच काम करणारं, लांब दांड्याचं, टेबलाला बोल्टने आवळलेलं. हल्ली एका दांड्याच्या ओढीत पाच कामं करणारी यंत्रं मिळतात. ती घ्यायला निघाले तर आजोबा म्हणाले, "आधी एकेक चूक करायला शीक. पाच चुका एकदम करायला पुढे आयुष्य आहे." पुढची सगळी वर्षं मी त्याच साध्या प्रेसवर आहे, आणि नवं शिकणाऱ्याला मीही तेच सांगते. सोबत पॉइंट थ्री-एट स्पेशलसारखं सरळ पुंगळीचं, कमी दाबाचं काडतूस घ्यावं. बाटलीसारखी मान असलेल्या रायफलच्या पुंगळ्या नंतर. त्यांना वंगण लावावं लागतं, लांबी मोजून कापावी लागते, आणि नवशिक्याची पुंगळी डायमध्ये अडकून बसते ती बसतेच.

काम कसं चालतं? आधी पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवून साफ करायच्या. मग एकेक उजेडात धरून बघायची, कुठे चीर गेलीय का. बार होताना पितळ फुगतं, ते डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायचं, त्याच दाबात जुना प्रायमर बाहेर पडतो. तोंड किंचित उमलवायचं. नवा प्रायमर बसवायचा. दारू तोलून घालायची. गोळी बसवायची, तोंड आवळायचं. संपलं. सांगायला एक मिनिट, पन्नास काडतुसांना माझी एक दुपार. यातल्या बाकी सगळ्या पायऱ्यांवर चूक झाली तर बहुधा एक पुंगळी वाया जाते. दारूच्या पायरीवर चूक झाली तर हात किंवा डोळा जाऊ शकतो.

आता सर, तुम्ही पुढे बसला आहात म्हणून ही गोष्ट सांगायलाच हवी. नववीत तुम्ही प्रयोगशाळेत आम्हाला काचेच्या पेटीतला तराजू शिकवला होता. वजनं हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने. पेटीचं दार लावल्याशिवाय काटा वाचायचा नाही. आधी रिकाम्या तराजूचा शून्य बघायचा. पेटीतलं सगळ्यात लहान वजन दहा मिलिग्रॅमचं होतं, माशीच्या पंखासारखं, आणि मी ते शिंकून उडवलं होतं. सगळा वर्ग रांगत शोधत होता. तुम्ही रागावला नाहीत, फक्त म्हणालात की आता कळलं ना पेटीला दार का असतं. तर सर, दारू मोजतात ग्रेनमध्ये. एका पौंडात ७००० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम अर्धा. आणि आम्ही ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मोजतो, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. त्या हरवलेल्या वजनापेक्षाही कमी. पंखा बंद, खिडकी बंद, आधी शून्य, मग ठरलेलं वजन ठेवून तराजूची परीक्षा, मग दारू. आजोबांना वाटलं मी हे पुस्तकातून वाचून आले.

सोनारावरून आठवलं. आपला जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. इंग्रजांनीच तो तसा ठरवला होता. आजोबांच्या हरणाच्या रायफलला १८० ग्रेनची गोळी लागायची. म्हणजे अगदी एक तोळा! मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे या मापाने मुलीचं मंगळसूत्र मोजतात. ते बराच वेळ हसले आणि बायकोला वर जाऊन सांगून आले.

त्यांचे नियम थोडे होते. टेबलावर एकावेळी दारूचा एकच डबा, बाकी सगळे कपाटात. उरलेली दारू त्याच डब्यात परत, लेबल नसलेली बाहेर ओतून टाकायची. पुस्तकातल्या वरच्या आकड्यापासून नाही, खालच्या आकड्यापासून सुरू करायचं. कामाच्या टेबलाजवळ खाणं-पिणं नाही, कारण जुन्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. काम झालं की साबणाने हात, आणि कपडे वेगळे धुवायचे. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती, तिला त्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती आणि मी दरवर्षी स्वतःच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यायचे. आणि शेवटचा नियम: फोन वर ठेवून खाली यायचं.

पैसे वाचतात का? माझ्या नवऱ्याने एक एक्सेल शीट केली होती. त्यात असं निघालं की काडतूस स्वस्त पडतं, म्हणून मी दुप्पट झाडते, आणि प्रेस, तराजू, डाय यांचे पैसे अजून फिटायचे आहेत. ती शीट आता सापडत नाही.

२०२० मध्ये कोविड आला आणि दुकानांतून काडतुसं गायब झाली, प्रायमर तर त्याहून जास्त. लोक दुकान उघडायच्या आधी रांगा लावायचे, आपल्याकडे रॉकेलला लागायच्या तशा. आजोबांनी आपल्या साठ्यातले प्रायमर मला मोजून दिले आणि वहीत लिहून ठेवले. २०२१ च्या हिवाळ्यात ते गेले. आजींनी प्रेस मला दिलं. टेबलापासून बोल्ट सोडवताना माझा नवरा म्हणाला, "हे आपल्याकडे नको." मी म्हटलं, "ठीक आहे," आणि ते गाडीत ठेवलं. त्या 'ठीक आहे'चा अर्थ त्याला कळला असणार, पण तो काही बोलला नाही.

आता बाबांची गोष्ट. २०२३ मध्ये आई गेल्यावर बाबा सहा महिने आमच्याकडे राहायला आले. एका रविवारी मी खाली काम करत होते, तेवढ्यात ते जिना उतरून आले. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी टेबल बघितलं, प्रेस बघितलं, पुंगळ्यांचा लाकडी ठोकळा बघितला, पन्नास भोकांचा. मला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, "परवानगी आहे?" मी कायदा समजावला. मग मला स्वतःलाच आठवलं आणि मी म्हटलं, "बाबा, एक अडचण आहे. तुम्ही पाहुण्यांच्या व्हिसावर आहात. तुम्हाला यातलं काडतूस हातात घेता येणार नाही."

ज्या माणसाने छत्तीस वर्षं काडतुसं तपासली, त्याला मी माझ्याच घरात सांगत होते की हात लावू नका. बाबांनी फक्त मान हलवली. नियम म्हणजे नियम. त्यांनी खुर्ची घेतली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकून बघू लागले. पुढचे सहा महिने दर वेळी ते तसेच बसले. हात पाठीशी, चष्मा कपाळावर.

आणि त्यांना दिसायचं! मी प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या उभ्या केल्या की ते तीन फुटांवरून म्हणायचे, "तिसऱ्या ओळीतली दुसरी. कॅप वर आहे." मी बोट फिरवून बघायची. प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित आत हवा, हा केसभर वर असायचा. एवढा वर राहिलेला प्रायमर रिव्हॉल्व्हरच्या चक्रात घासतो. मला तो बोटाला जेमतेम लागायचा, त्यांना डोळ्याने दिसायचा. मी विचारलं, "कसं?" ते म्हणाले, "उजेड कसा पडतो ते बघायचं." वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की माझे बाबा काय काम करायचे. कारखान्याबद्दल त्यांनी तेव्हाही काही सांगितलं नाही.

सप्टेंबरमधला एक रविवार होता. त्या आठवड्यात माझी ऑन-कॉलची पाळी होती, म्हणून मी आजोबांचा नियम मोडून फोन खाली नेला. बाबा वर झोपले होते. पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या, मी दारू घालत होते, आणि फोन वाजला. सर्व्हर पडला होता. वीस मिनिटं मी लॅपटॉपवर होते. परत आले, ठोकळ्याकडे बघितलं, वाटलं की चौथ्या ओळीपासून राहिलंय, आणि पुढे सुरू केलं. गोळ्या बसवायच्या आधी टॉर्च मारून सगळ्या पुंगळ्यांत दारूची पातळी सारखी आहे का हे बघायचं असतं. ते मी केलं का? मी अजून शपथेवर सांगू शकत नाही. डोक्यात सर्व्हर होता. पन्नासच्या पन्नास भरून मी डब्यात घातली, लेबल लावलं, वर गेले.

सकाळी चहा घेताना बाबांनी सहज विचारलं, "काल मध्येच वर फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. कितव्यावर होतीस तेव्हा?"

मला उत्तर देता आलं नाही.

मी म्हटलं, वजन करून बघते. पण ते काडतूस म्हणजे मूळचं एकोणिसाव्या शतकातलं, १८९८ चं, काळ्या दारूच्या हिशेबाने पोट मोठं ठेवलेलं. आजच्या दारूचा त्यात तळाशी छोटासा ढीग असतो. दोनदा घातली तरी मावते, अजिबात नसली तरी बाहेरून कळत नाही. आणि पुंगळ्यांच्या आणि शिशाच्या गोळ्यांच्या वजनातच इतका फरक असतो की त्या गोंधळात दारूचं वजन लपून जातं. मी पंधरा काडतुसं तोलली आणि पंधरा वेगवेगळे आकडे मिळाले.

दारू दुप्पट झाली तर काय होतं ते सांगायला नको. पण अजिबात नसली तर ती जास्त फसवी. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी पुंगळीतून निघते आणि नळीत मध्येच अडकते. आवाज फुसका येतो. नेम धरणारा माणूस तंद्रीत असला तर त्याला वाटतं, बार झालाच नाही, आणि तो पुन्हा चाप दाबतो. मागून दुसरी गोळी येते, पुढे वाट बंद. या साध्या काडतुसाच्या दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय आहे. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये बत्तीस-तेहेतीस असते.

बाबा म्हणाले, "लॉट बाद कर."

मी म्हटलं, "बाबा, एखाद्या वेळी सगळी नीट असतील."

"असतील. बाद कर."

काडतूस उकलायचं एक प्लास्टिकचं हातोडीसारखं साधन असतं. त्यात काडतूस अडकवून लाकडाच्या ठोकळ्यावर जोरात आपटायचं, की झटक्याने गोळी आणि दारू सुटून आत पडते. एकेक. सोमवार होता, मी कामावर रजा टाकली. सर्व्हर पडल्याबद्दल बैठक होती त्या दिवशी, मी गेले नाही. बाबा खुर्चीत, हात पाठीशी. सदतिसावं काडतूस उकललं आणि त्यातून गोळी पडली. नुसती गोळी. मी ते साधन उलटं करून झटकलं, टॉर्च मारली. एक कणही नव्हता.

मी तिथेच जमिनीवर बसले. पुढच्या शनिवारी ती काडतुसं घेऊन मी क्लबात जाणार होते, आणि माझ्या शेजारच्या लेनवर दर वेळी एक कॉलेजातला मुलगा असतो.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "सापडलं बाबा. झालं." ते म्हणाले, "एक सापडलं. एकच आहे असं कोण म्हणालं?" उरलेली तेरा पण उकलली. ती नीट होती.

प्रोग्रामिंगमधली आपली जी मंडळी इथे आहेत ती आता हसत असतील, कारण आपण रोज हेच करतो. एक बग सापडला की टिकेट बंद करतो आणि घरी जातो. त्यानंतर मी बदललं ते इतकंच: पुंगळी ठोकळ्यात उलटी उभी असते, दारू घातली की मगच सुलटी होते. मध्येच कुणी उठवलं तर सगळी दारू परत डब्यात आणि पहिल्यापासून. आणि फोन वर.

इथपर्यंतचं सांगणं सोपं आहे. आता अवघड भाग, जो गाळावा असं नवऱ्याचं मत होतं.

माझी लेक आता पंधरा वर्षांची आहे. तिथल्या मुलांना शाळेत बालवाडीपासून कवायत असते, बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचं याची. दिवे बंद, दार बंद, कोपऱ्यात गप्प बसायचं. आपल्याकडे दर महिन्याला अग्निशमनाचं प्रात्यक्षिक व्हायचं आणि आपण मैदानावर जाऊन दंगा करायचो, तसं ते नाही. २०२४ मध्ये एकदा कवायत नव्हती, खरंच दारं बंद झाली. पन्नास मिनिटं. शेवटी अफवाच निघाली. त्या पन्नास मिनिटांत तिने मला एक मेसेज पाठवला होता, तो मी इथे वाचणार नाही. संध्याकाळी ती घरी आली, जेवली, आणि म्हणाली, "आई, खाली जे आहे ते तुला का लागतं?"

मी सगळं सांगितलं. तिजोरी आहे, तिचा आकडा फक्त मला माहीत आहे, काडतुसं वेगळ्या कपाटात आहेत, मी फक्त कागदावर नेम धरते. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मी ते विचारलं नाही."

चार महिने मी तळघरात गेले नाही. मग गेले. का गेले याचं तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. त्या टेबलाशी मी आजोबांबरोबर बसले, बाबांबरोबर बसले, हे खरं आहे, पण ते माझं कारण आहे, तिचं नव्हे. ती अजून तिथे येत नाही. तिच्या मैत्रिणींना तिने सांगितलेलं नाही. मी इथे बोलणार आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "तुझ्या शाळेत सांगतेस ते ठीक आहे, माझ्या शाळेत सांगू नकोस." मी कबूल केलं आहे. दोन वर्षांनी ती कॉलेजला जाईल. त्याआधी तिने पुन्हा विचारलं तर प्रेसचे बोल्ट मी सोडवीन, असं मी तिला सांगून ठेवलंय. अजून तिने विचारलेलं नाही, आणि ती विचारेल या धाकाने मी खाली असताना जिन्यावर पाऊल वाजलं की माझा हात थांबतो.

चिठ्ठी आली आहे, थांबते. नेमबाजी शिकायची असेल तर बालेवाडीत रेंज आहे, मुलामुलींना एअर रायफलपासून सुरुवात करता येते. आपल्या मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या त्या एअर रायफलवरच. त्यात दारूही नाही आणि रीलोडिंगही नाही. आणि काडतुसाबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारू नका. बाबा आज आलेत, तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेत. ते उत्तर देणार नाहीत, पण जेवणाच्या ताटांची रांग कुठे वाकडी आहे ते नक्की सांगतील.

सर, ते दहा मिलिग्रॅमचं वजन शेवटी सापडलं होतं का?